फुलं तुमची, गाणंही तुमचंच

फुलांचा स्लाइड शो करायचा ठरलं की पहिला नियम लक्षात ठेवा : फोटो निवडायचे नाहीत. एकाच जास्वंदीचे, एकाच सकाळी, एकाच बाजूनं काढलेले डझनभर फोटो असतील तर सगळे घ्या. काहींत फोकस फुलाऐवजी मागच्या भिंतीवर गेलाय? तेही घ्या, त्याला कलात्मक धूसरपणा म्हणतात. भर दुपारी स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारून काढलेल्या फोटोला ‘पहाटेचं दव’ असं नाव द्या. मग इफेक्ट. सॉफ्टवेअरवाल्यांनी इतके दिलेत ते काय शोभेला? एक गुलाब गिरक्या घेत यावा, दुसरा पान उलटल्यासारखा, तिसऱ्याचे तुकडे होऊन त्यातून चौथा जुळावा. बघणाऱ्याला फूल नाही दिसलं तरी चालेल, मेहनत दिसली पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येक फोटोवर आपलं नाव टाका. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको, कुणीही कापून टाकेल. फुलाच्या ऐन मध्यावर, तिरपं, परागकणांवरून थेट देठापर्यंत. शेजारी वर्तुळातला ‘सी’ आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’. जग चोरांनी भरलेलं आहे, गाफील राहून चालत नाही.

हे झालं की गाणं लावा. ते कुठून घ्यायचं, असले प्रश्न विचारू नका. नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे.

गाण्यात फूल, भुंगा, बाग किंवा गेला बाजार वसंत, एवढं आलं की पुरे. ते विरहगीत आहे का, कुणाच्या मरणावरचं आहे का, ते ऐकत बसू नका. फोटो आधी संपले तर जास्वंद पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. गाण्याचा कंटाळा आला तर दुसऱ्या अंतऱ्यात गायिकेनं श्वास घेतला की तिथंच कात्री चालवा.

काही शंकेखोर लोक म्हणतील, अहो, गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. आणि गाणं चित्राला जोडायचं तर दोन्हीकडून परवानगी लागते. असेलही. गीतकार, संगीतकार, गायिका, वादक, रेकॉर्डिंग करणारी कंपनी, एवढ्या माणसांना विचारत बसलात तर फुलं कधी दाखवणार? सुकतील ना!

तरीही मन खात असेल तर त्यावर उतारा आहे. व्हिडिओच्या खाली लिहा : ‘हे गाणं माझं नाही. सर्व हक्क मूळ मालकांचे. कॉपीराइट भंगाचा हेतू नाही.’ हेतूच नाही म्हटल्यावर कुणी काय करणार? त्याखाली अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०७ चिकटवा. तुम्ही कुठल्या देशात राहता हा मुद्दा गौण. ते कलम टीका, बातमी, अध्यापन, संशोधन अशा वापरांबद्दल बोलतं आणि प्रत्येक प्रकरण चार निकषांवर तपासायला सांगतं. गिरक्या घेणारा गुलाब त्यात कुठं बसतो ते न्यायाधीश बघून घेतील. आपलं काम चिकटवण्याचं. याशिवाय ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हा नियम आहेच. तो कायद्यात शोधायला जाऊ नका, ऐकीव नियमांचा मान ऐकण्यातच असतो.

मग व्हिडिओ यूट्यूबवर चढवा आणि काही मिनिटांत संताप कसा करायचा त्याची तयारी ठेवा. तिथं २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. हक्कदारांनी आधीच देऊन ठेवलेल्या गाण्यांशी ती तुमच्या व्हिडिओतला आवाज ताडून बघते. जुळला की पुढचं हक्कदार ठरवतो : व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घ्यायचे, की नुसती नजर ठेवायची. यालाच क्लेम म्हणतात. स्ट्राइक वेगळा, तो व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर मागणी आली की बसतो आणि ९० दिवसांत तीन बसले तर चॅनेल जाऊ शकतं. हा फरक समजून घेण्यात वेळ घालवू नका. दोन्ही वेळा सारखंच ओरडायचं असतं. ‘चोर तर चोर, वर शिरजोर’ हे कंपनीला उद्देशून लिहायला विसरू नका.

गाण्यापुरता आवाज बंद करून व्हिडिओ वाचवायची सोय तिथं असते. ती वापरून पाहा. चार मिनिटं संपूर्ण शांततेत फुलं गरगरताना बघायचा अनुभव घेण्यासारखा आहे.

तो सोसला नाही तर युक्त्या आहेत. गाण्याचा वेग थोडा वाढवा. गायिकेला सर्दी झाल्यासारखं वाटेल, पण यंत्राला फसवल्याचं समाधान मोठं. वर पक्ष्यांचा किलबिलाट टाका. मात्र किलबिलाटाचीही खात्री देता येत नाही. २०१२ मध्ये रानातला पाला खुडणाऱ्या एकाच्या व्हिडिओत मागं पाखरं बोलत होती, तर यंत्रानं ते कुणाच्या तरी मालकीचं संगीत ठरवलं. बोंबाबोंब झाल्यावर तो दावा मागं घेतला गेला. यंत्रही चुकतं, याचा हा पुरावा जपून ठेवा आणि यंत्र बरोबर असेल तेव्हा काढून दाखवा.

कुणी सुचवेल, जुनं शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत घ्या. विवाल्डी १७४१ मध्येच गेला, त्याच्या रचना केव्हाच मोकळ्या झाल्या. खरं आहे. पण तुम्ही उचललेली फाइल विवाल्डीनं वाजवलेली नाही. ज्या वाद्यवृंदानं ती वाजवली, त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा चालू असतो. शिवाय रचनाकाराच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षं, युरोपात ७०, असं देशागणिक बदलतं, म्हणजे एकच चाल इकडे मोकळी आणि तिकडे बांधलेली. हे वाचून डोकं दुखलं ना? म्हणूनच वाचायचं नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांखाली दिलेलं संगीत हा आणखी एक भाबडा पर्याय. २००२ पासून कलाकार स्वतःच सांगून ठेवतात : घ्या, पण श्रेय द्या, किंवा धंदा करू नका, किंवा बदल करू नका. यातल्या ‘बदल करू नका’वाल्यात गंमत आहे. सूर जसेच्या तसे ठेवलेत, तरी ते हलत्या चित्राच्या तालात बसवणं हाच बदल धरला जातो. बाकीच्यांत बहुतेक एका ओळीचं काम असतं : रचनेचं आणि कलाकाराचं नाव, परवान्याची लिंक. पण ती ओळ टाकायची कुठं? शेवटच्या स्लाइडवर संकल्पना, छायाचित्रण, संकलन आणि दिग्दर्शन यांपुढं तुमचं नाव चारदा येतं, तिथं जागा उरत नाही.

आणि मग एक दिवस येतो. तुमची ती जास्वंद, मधलं नाव पुसून, कुणीतरी आपल्या व्हिडिओत लावलेली दिसते. गाणं बहुधा त्याचं स्वतःचंच असतं, म्हणजे उर्मटपणा बघा. इथं गय नको. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी लागत नाही, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात हे ठरलेलंच आहे. नेटवर आहे म्हणून सगळ्यांचं होत नाही. ‘हेतू नव्हता’ म्हणून सुटका होत नाही. खाली श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. हे सगळं तुम्हाला आता तोंडपाठ आहे, ते त्याला ठणकावून सांगा आणि व्हिडिओ काढून टाकण्याचा अर्ज भरा. मालक मीच, माहिती खरी, अशा खुणा कराव्या लागतात, त्या बिनदिक्कत करा. पुरावा म्हणून मूळ कामाची लिंक द्यायची, तिथं आपल्या स्लाइड शोची डकवा. फक्त ‘पाठवा’ दाबण्याआधी तो अजून उघडतोय ना, तेवढं बघून घ्या.