पावसाळ्यात पाक दिला म्हणजे मधात भेसळ झाली का?

पाऊस लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. उघड्या मधपेटीत पाकाची वाटी ठेवलेला फोटो आणि खाली लिहिलेलं, "बघा, मधपाळ माशांना साखर पाजतात आणि तोच मध म्हणून तुमच्या गळ्यात मारतात, जंगलातल्या माशीला कोण पाक देतं? घ्यायचा तर जंगलातल्या आग्या माशीचाच मध घ्या." यंदा वर अजून एक शहाणपण जोडलंय, की द्यायचंच तर गूळ द्या, तो नैसर्गिक.

फोटो खरा असेल हो. पाक देतोच आपण मधपाळ, लपवायचं काय त्यात. पण मध काढतो कधी ते बघा ना. महाबळेश्वर, जावळीच्या पट्ट्यात जांभूळ, हिरडा, गेळा फुलतात तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात. जूनमध्ये पाऊस धरला की सुपर, म्हणजे पेटीचा वरचा मधाचा कप्पा, उतरवलेलं असतं, खाली फक्त पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्यांची, खोली राहते आणि पाक जातो तो तिथल्या माशांच्या पोटात. सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतो त्या आपल्या देशी माशीच्या, पेटीला आठवड्याला साधारण 200 ग्रॅम साखर, तेवढंच पाणी, एवढ्यात त्यांचं जेमतेम भागतं, विकण्याएवढा साठा कुठून होणार? आणि ज्याला भेसळच करायचीय तो माशीच्या मागे कशाला लागेल, सिरप थेट मधात ओततो की. 2020 च्या डिसेंबरमध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँड तपासले तेव्हा सगळ्या टेस्टमध्ये पास झाले फक्त 3, आणि त्यांनी बोट ठेवलं होतं ते टेस्ट चुकवायला बनवलेल्या सिरपवर. हां, फुलोऱ्यात सुपर चढवलेलं असताना कोणी पाक देत असेल तर ती भेसळच, त्याची बाजू मी घेणार नाही.

आता जंगलातली माशी. तिला कोणी पाक देत नाही कारण तिचा साठा कोणी काढून नेलेला नसतो, सरळ आहे. साठा संपला की ती पोळं सोडून उठून जाते, आणि सातेरी तर त्यात पटाईत, आज पेटी भरलेली दिसते नि उद्या रिकामी. आपण मध घेतलाय तर पावसाचं बघणंही आपल्याकडेच. मे महिन्यात शेवटचा थेंब खरवडून काढायचा आणि मग साखरेवर पेटी जगवायची, हे करणारे पण आहेत आपल्यात, त्यांना मेसेजवाल्यांनी झोडपलं तर मला वाईट वाटणार नाही.

गुळाचं मात्र कोणी ऐकू नका, प्लीज. गुळात जे साखरेव्यतिरिक्त असतं ते माशीला पचत नाही, हगवण लागते, आणि पावसात बाहेर उडता येत नाही म्हणून सगळी घाण पेटीतच. पांढरी साखर माशीला नवीन नाही, फुलातल्या रसात तीच असते, तिच्या लाळेतलं एन्झाइम ती फोडतं. दुसरीकडचा मध पण पाजू नका, रोग त्यातूनच येतात.

पाक संध्याकाळी द्या, पेटीच्या आत, वाटीत काड्या टाकून म्हणजे माशा बुडत नाहीत. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी, नाहीतर ज्यांना मिळाला नाही त्या शेजारी लुटायला जातात. बाहेर सांडला तर मुंग्या आल्याच, स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी आहे ना ते बघून घ्या. दार बारीक ठेवा. वाटी ठेवायला उघडताय तर तळपाटही पुसून घ्या, कडेच्या पोळीवर माशा नसतील आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर मेणकिडा आहे, ती पोळी काढून टाका, माया करत बसू नका.

राहिला आग्याचा मध. चांगल्या पद्धतीने काढला तर उत्तमच, पण पोळं पिळून काढलेल्यात अळ्यांचा रस, परागकण सगळं येतं, पाणीही जास्त असतं, म्हणून तो फसफसतो. आणि घाटातला आग्या बहुतेक पाऊस लागायच्या आधीच देशाकडे उतरतो. तेव्हा जुलैत घाटातल्या रस्त्यावर कोणी "आत्ताच काढलाय, समोरच्या झाडावरचा" म्हणून बाटली पुढे केली, तर आधी ते झाड दाखव म्हणा.