‘टायमिंग बेल्ट तुटेपर्यंत चालवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

युरोपियन गाड्यांचं ‘सत्य’ सांगणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे चार: टायमिंग बेल्ट बदलायला लावणं ही लूट आहे, तुटेपर्यंत चालवा; या इंजिनांना आपलं डिझेल आणि आपले रस्ते सोसत नाहीत; ऑटोमॅटिक घेतली की गिअरबॉक्स जाणारच; आणि पार्ट मिळत नाहीत, म्हणून पाच वर्षांत गाडी विकून मोकळे व्हा. माझ्या मोठ्या भावाने हे वाचून त्याच्या २०१५च्या डिझेल पोलोचं ठरलेलं बेल्टचं काम रद्द केलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

बेल्टचंच आधी. पोलोच्या दीड लिटर डिझेल इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ एक दातेरी रबरी पट्टा राखतो, तोच टायमिंग बेल्ट. तो तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो. जे व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे असतात ते उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवावं लागतं, कधी पिस्टनही जातो. काही हजारांचं काम टाळून माणूस इंजिन उघडण्याच्या खर्चात पडतो, तेही घाटात किंवा एक्सप्रेसवेवर मागून ट्रक येत असताना. बेल्ट बहुतेक वेळा आधी सूचनाही देत नाही. ‘गाडी फार फिरलेली नाही’ हे कारणही चालत नाही, कारण रबर वयानेही कडक होतं. गॅरेजमध्ये काढलेला जुना बेल्ट उलटा वाकवून बघा, दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसतील. मॅन्युअलमधली मुदत पाळा, आणि त्याच वेळी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही बदलून घ्या. या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. पुढे तो गळायला लागला तर सगळं पुन्हा खोलावं लागेल.

डिझेल-रस्त्यांचा दावा तर हातात टिकतच नाही. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा या गाड्यांमधलं १.३ लिटर डिझेल इंजिन मूळ फियाटचं, म्हणजे इटलीचं. आपल्याच रांजणगावात ते बनायचं. टॅक्सीवाल्यांनी त्यावर लाखो किलोमीटर काढलेत.

गिअरबॉक्सच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीने, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने, लोकांना खरोखर त्रास दिला. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने त्यासाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता, म्हणून मिनरल ऑइल भरून दिलं. पण म्हणून प्रत्येक ऑटोमॅटिक डीएसजी होत नाही. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्याच व्हर्टस आणि तायगुनच्या १.० लिटर ऑटोमॅटिकमध्ये जपानच्या आयसिन कंपनीचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आलेला आहे, ज्यात क्लचऐवजी तेलाच्या दाबाने ताकद पुढे जाते. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरकच ठाऊक नाही.

पार्ट महाग आहेत, हे मान्य. फियाटने इथला गाशा गुंडाळल्यावर लिनियावाल्यांची पार्टसाठी वणवण झाली, हेही खरं. पण पोलो आणि स्कोडाची रॅपिड इथेच बनल्या, भरपूर विकल्या गेल्या, आणि त्यांचे झिजणारे पार्ट बाहेरच्या दुकानांतही मिळतात. पाच वर्षांच्या भीतीने लोक या गाड्या मातीमोल भावात काढतात, तेव्हा फायदा होतो तो जुन्या गाड्यांच्या दलालांचा. तुम्ही घेणाऱ्यांपैकी असाल तर बेल्ट बदलल्याचं बिल मागा, आणि बिल नसेल तर तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्या.