रॉइसने रागाच्या भरात गाडी बनवली नाही, आधी दुसऱ्याची खोलून बघितली

काल फॅमिली ग्रुपवर भाच्याने तो रोल्स-रॉइसवाला फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही आला असेल. हेन्री रॉइस शाळेत गेलाच नाही, त्याने घेतलेली फ्रेंच गाडी भंगार निघाली, तो भडकला आणि कुणाचं काही न बघता एकट्याने जगातली बेस्ट गाडी बनवली, म्हणून कॉलेज सोडा, दुसऱ्याचं बघू नका. एरवी मी सोडून दिलं असतं, पण हा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि खाली लिहितो काय, तर मामा, प्रोजेक्टला दुसऱ्या कंपनीचं इंजिन खोलायला सांगितलंय ते मी करणार नाही, ती कॉपी आहे. मग मात्र डोकं फिरलं.

आधी ती भंगार गाडी. हे तर खुद्द रोल्स-रॉइस कंपनीनेच खोडून काढलंय. १९०२ ला रॉइस दक्षिण आफ्रिकेला बायकोच्या माहेरी गेला तेव्हा वाचायला मोटारीच्या बांधणीवरचं पुस्तक होतं, म्हणजे गाडी बनवायचं तेव्हाच डोक्यात बसलेलं. १९०३ ला ती फ्रेंच गाडी, डेकोव्हिल कंपनीची, घेतली, दोन सिलिंडर, दहा हॉर्सपॉवर, आणि कंपनी सांगते की त्याला मिळण्यासारखी सगळ्यात चांगली गाडी म्हणूनच ती निवडली, आणि घेतली ती खोलायलाच! आता सेकंडहँड होती, बारीकसारीक दोष होते, एवढं मान्य. पण भंगार खोलून कोण काय शिकणार?

मी चाकणला हेच काम करतो म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या कंपनीची गाडी आली की आम्ही लगेच पाना लावत नाही, आधी कित्येक दिवस चालवतो, कारण कितव्या गिअरला कुठून आवाज येतो, ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे ओढते, हे सुटे पार्ट बघून कळतच नाही. मग खोलायची, एकेक पार्ट ट्रेमध्ये, त्यावर नंबर, वजन ग्रॅममध्ये, बोल्टचे आटेसुद्धा मोजायचे. आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच, त्यांनी हे असं का केलं असेल? रॉइसने मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर तेच केलं. १ एप्रिल १९०४ ला त्याची पहिली गाडी निघाली, तीही दोन सिलिंडरची, दहा हॉर्सपॉवरची, आणि ती चालवत तो पंधरा मैलांवर नट्सफर्डला घरी गेला. मांडणी बरीचशी डेकोव्हिलसारखीच. ह्याला चोरी म्हणायचं?

एकट्याने वगैरे काही नाही, स्वतःचा क्रेन आणि डायनामोचा कारखाना होता १८८४ पासून, पार्टनर होता, कारागीर होते. आणि गाड्या विकणारा रोल्स त्याला भेटला तो ४ मे १९०४ ला, गाडी तयार झाल्यावर.

शाळेचं अर्धं खरं आहे, ते मानायलाच पाहिजे. गरिबी होती, लहानपणी पेपर विकले, शाळा फारशी झाली नाही. पण पुढचं फॉरवर्डमध्ये गाळलंय. आत्याने की मावशीने, जी कोण असेल तिने, पैसे भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ म्हणून लावलं, पैसे संपले म्हणून ते अर्धवट सुटलं, आणि नंतर लंडनला दिवसभर नोकरी करून हा माणूस संध्याकाळच्या क्लासला जाऊन इलेक्ट्रिकल शिकला. त्याचं शिक्षण सुटत होतं आणि तो ते धरून ठेवत होता, आणि त्याचंच नाव घेऊन पोरांना कॉलेज सोडा सांगताय?

भाच्याला रात्रीच फोन केला. शनिवारी येतोय, माझ्या जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर खोलायचाय, वही घेऊन ये म्हटलंय.