पेला वेगळा, दाढीचे पाते मात्र तेच

रुग्णालयात आपल्या माणसाच्या सोबतीला राहणाऱ्यांसाठी म्हणून एक निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. हेपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार रक्तातून होतो आणि इंजेक्शने नर्स देते, तेव्हा सोबतच्याला लसीची गरज नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवावा, त्याचे डोळे पिवळे झाले तरच सावध व्हावे आणि सुई टोचलीच तर बोट पिळून रक्त काढावे, असे त्यात म्हटले आहे.

आजार रक्तातून होतो हे खरे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सलाईन काढल्यावर हातावर कापूस दाबून धरते ती बहुधा बहीण, रक्ताळलेली चादर नळाखाली खळबळते ती सून, आणि अंथरुणात राहून गेलेली सुई बोटात शिरते तीही त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, म्हणून वाळलेला डागही निर्धोक नव्हे. लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. हातमोजे घालावेतच, पण सुई त्यांतूनही आरपार जाते.

ताट-पेल्याचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. एकत्र जेवण्याने, खोकल्याने किंवा जवळ बसण्याने हा आजार पसरत नाही. रुग्णाचा अपमान तेवढा होतो. वडिलांच्या पेल्याला ओळखीसाठी नेलपॉलिशचा ठिपका लावणाऱ्या मुलाने त्यांची दाढी केलेल्या, रक्त लागलेले असू शकणाऱ्या पात्यानेच स्वतःची दाढी उरकलेली मी पाहिली आहे.

पिवळ्या डोळ्यांची वाट पाहण्यातही अर्थ नाही, कारण अनेकांना वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण जाणवत नाही आणि संसर्ग कळतो तो रक्ततपासणीतूनच. ही लस बालकांच्या सरकारी लसीकरणात देशभर २०११ च्या सुमारास आली. आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. प्रौढांना साधारणपणे ०, १ आणि ६ महिन्यांनी असे ३ डोस देतात.

राहिले बोट पिळणे. ते करू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि रुग्णाचा अहवाल हाती नसला तरी ड्यूटीवरच्या सिस्टरला त्याच वेळी सांगावे, कारण लस आणि गरजेनुसार द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांच्या आत मिळायला हवे.