बंधारा डिसेंबरात, पाणी ऑक्टोबरात

"क्रेडिटसाठी केलेली सेवा कसली सेवा? परदेशातली मुलं बघा, मनापासून करतात!" नव्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामाला क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, मिळू लागल्यापासून हे वाक्य फोनवरून इथे इंग्लंडात लीड्सपर्यंत येतं, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकाला जाते.

इथली मुलंही तास मोजतात. अनेक विद्यापीठांत पदवीसोबतच्या 'हिअर' अहवालात स्वयंसेवेची नोंद होते. तरुणांसाठीच्या 'ड्यूक ऑफ एडिनबर्ग' पुरस्काराच्या गोल्ड पातळीसाठी बारा महिन्यांचं काम लागू शकतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, कामाला मूल कशासाठी आलं हे कुणी विचारत नाही, काम मात्र नेमकं दिलेलं असतं. टेस्को सुपरमार्केटच्या क्रेटमधून आलेला माल आधी वजन करायचा. डब्यावरची बारीक तारीख शोधून महिना-वर्ष जाड मार्करने वर लिहायचं. कडेच्या शिवणीवर पोचा असेल तर डबा बाद. जवळच्या तारखेचा माल पुढे. मग यादीप्रमाणे तीन दिवसांचा शिधा भरायचा: पास्ता, डाळी-बीन्स, टोमॅटो, टिकाऊ दूध, चहा. घरात शेगडीच नसेल तर फक्त विजेच्या किटलीवर होईल असा वेगळा खोका. नवा मुलगा हमखास चुकतो तो इथेच. शिजवायचा तांदूळ त्या खोक्यात जातो.

आणि हीच मुलं जूनमध्ये परीक्षा संपली की घरी जातात. जुलैअखेर शाळांना सहा आठवड्यांची सुट्टी लागते, मुलांचं मोफत जेवण बंद होतं, फूड बँकेच्या दारात गर्दी वाढते, तेव्हा विद्यार्थी नसतात. 'मनापासून' करणाऱ्यांचं कौतुक करताना हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडेही तेच दुखणं आहे. सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. झेडपीच्या शाळेत सतरंजीवर झोपून सात दिवस गावात राहणं, याच्या तोडीचं इथल्या तीन तासांच्या शिफ्टमध्ये काहीही नाही. पण सत्र परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणून शिबिर डिसेंबर-जानेवारीत, आणि श्रमदानाला वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्या रचून ओढ्यात घातलेला कच्चा बांध! तोवर कित्येक ओढ्यांची धार आटलेली असते. अडवायचं काय?

बंधारा पावसाळा सरताच, धार वाहती असताना घालायचा. पात्र अरुंद, काठ उंच, उतार कमी अशी जागा हवी. तळाचा गाळ-पाला काढायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने पाऊणच भरायच्या. गच्च भरल्या तर एकमेकींत बसत नाहीत, फटींतून पाणी पळतं. तोंड सुतळीने शिवायचं. विटांसारखा सांधा मोडत रचायच्या, खाली रुंद, वर निमुळतं, फटींत चिकणमाती. दोन्ही टोकं काठात खोदून घुसवायची, नाहीतर पाणी बगलेने वाट काढतं. मधला भाग किंचित खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी तिथूनच सांडतं. फोटोसाठी घाईत रचलेला बंधारा बहुधा टोकाशीच फुटतो.

म्हणून वाद क्रेडिटवर नको, तारखांवर घाला. बंधारा शिबिरातच घालायला हवा असं नाही. ऑक्टोबरातले दोन रविवार बंधाऱ्याला द्या, शिबिर हिवाळ्यात घ्या.

इतक्या लांबून हे सांगायचा हक्क किती, हा प्रश्न रास्तच आहे. फूड बँकेच्या दारातल्या माणसाला 'आपला' म्हणताना जीभ अजून अडखळते. दत्तक गाव मात्र, वर्षानुवर्षं तिथे पाऊल न ठेवताही, 'आपलं' म्हणूनच तोंडात येतं. त्या हक्काने एवढंच: गोण्यांसाठी गावातल्या बांधकामांवर गणपतीतच सांगून ठेवा. नंतर मिळतात त्या फाटक्या.