‘स्टेप वनला महिनाभर पुरे’ हा सल्ला ऐकू नका

गोव्यातल्या एमबीबीएसच्या मुलांमध्ये एक मजकूर फिरत असतो: यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना मिळवण्यासाठीच्या परीक्षेच्या, स्टेप वनला (पहिल्या टप्प्याला) आता गुण नसतात, एक पुस्तक तीनदा वाचा, फुटलेले प्रश्न पाठ करा, महिनाभर पुरे, राहिलात तर पुन्हा बसा. यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं आहे.

26 जानेवारी 2022 पासून निकाल फक्त पास किंवा फेल असा लागतो. पण गुण दाखवत नसले तरी आत मोजले जातात, आणि त्याच दिवशी पास होण्याची मर्यादा 194 वरून 196 गुणांवर गेली, ते मजकुरात नाही. अमेरिका-कॅनडाबाहेर शिकून पहिल्यांदा बसलेल्यांपैकी 2021 मध्ये 82 टक्के पास झाले होते, 2022 मध्ये 74. गुण गेले तशी तयारीही सैल झाली, असं आमचं मत आहे.

‘पुस्तक तीनदा वाचा’ हे सगळ्यांत घातक. पुस्तकातून रोगाची खूण पाठ होते, परीक्षा मात्र खुणेमागचं कारण विचारते. समजा, पावसाळ्यात खाजनात (खाडीकाठच्या भातशेतीत) लावणी करणारा माणूस आला. चार दिवस ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल पण पू नाही, कावीळ, क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंडांवर ताण). गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) वॉर्डात वावरलेला इंटर्न लगेच ‘लेप्टो’ (लेप्टोस्पायरोसिस) म्हणेल. पण पर्यायांत ते नाव नसतंच. विचारतात, पेनिसिलिन दिलं तर जिवाणूचं कुठलं एन्झाइम अडतं? ट्रान्सपेप्टिडेज, पेशीभित्तिकेचे धागे एकमेकांना जोडले जात नाहीत. किंवा पहिल्या डोसनंतर दोन तासांत हुडहुडी भरून रक्तदाब उतरला, तर का? ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ हा पर्याय तिथे मोह पाडतो. पण अंगावर पित्त नाही, श्वासाला घरघर नाही. मरणाऱ्या जिवाणूंतून सुटलेल्या घटकांनी दाह उसळला आहे, म्हणजेच यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया. रोग ओळखूनही गुण जातो तो असा.

म्हणून वाचनापेक्षा प्रश्न सोडवण्याला जास्त वेळ द्या. जास्तीत जास्त 280 प्रश्न, सात तास, म्हणजे प्रश्नाला 90 सेकंद. रोज सगळे विषय मिसळून 40 प्रश्न घड्याळ लावून एका तासात सोडवा आणि तपासायला निदान दोन तास ठेवा. अंदाजाने बरोबर आलेलेही तपासा. बाकीचे पर्याय का चुकले हे सांगता आलं नाही, तर तो प्रश्न झालेला नाही. चुकांच्या वहीत कारण लिहा: माहिती नव्हती, नीट वाचलं नाही, की दोन पर्यायांत अडकलो? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

पॅथॉलॉजीचा वाटा 45 ते 55 टक्के आणि फिजिओलॉजीचा 30 ते 40. एकच प्रश्न एकाहून जास्त विषयांत मोजला जातो, म्हणून सगळ्या विषयांची बेरीज शंभरावर जाते. आपली मुलं सोडून देतात ते रुग्णसंवादाचे 6 ते 9 टक्के; अमेरिकेतले संमतीचे आणि गोपनीयतेचे नियम वेगळे वाचावेच लागतात.

फुटलेल्या प्रश्नांबद्दल: जानेवारी 2024 मध्ये नेपाळशी संबंधित शेकडो परीक्षार्थींचे निकाल रद्द झाले. त्या वाटेला जाऊच नका.

‘पुन्हा बसा’ हेही फसवं. प्रत्येक स्टेपला चारच संधी आहेत. नापास झालेली खेप गुणपत्रकावर राहते आणि रेसिडेन्सीसाठी (तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) निवड करणारे ती बघतात.

तारीख घेण्याआधी एनबीएमईची, म्हणजे हे प्रश्न तयार करणाऱ्या अमेरिकन मंडळाची, 200 प्रश्नांची सराव परीक्षा द्या. तिथले 62 टक्के म्हणजे जेमतेम पासची रेषा. लागोपाठ दोन वेगवेगळ्या परीक्षांत 70 च्या आसपास येईपर्यंत थांबा. परीक्षेसाठी निवडलेली तीन महिन्यांची मुदत एकदाच, पैसे भरून वाढवून मिळते, तेव्हा ती मुदतही हा आकडा बघूनच निवडा.