‘नव्या आवृत्तीने आमचं चालू ॲप बिघडवलं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. आमच्या एक्सएमपीपी (चॅट मेसेज पोचवण्याचा खुला प्रोटोकॉल) लायब्ररीची, म्हणजे तुमच्या ॲपमध्ये बसणाऱ्या तयार कोडची, नवी आवृत्ती घेतल्यापासून ॲप उघडल्यावरचा पहिला मेसेज गायब होतो, काही मेसेज दोनदा पोचतात, आणि नेटवर्क परत आलं तरी ॲप मिनिटभर ‘जोडत आहे’ दाखवत बसतं. शिवाय, सपोर्टचे पैसे भरूनही ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ एवढंच उत्तर मिळालं. उत्तर मीच लिहितोय, कारण कनेक्शनचा भाग पाडून नव्याने बांधायचं मीच ठरवलं होतं.

पहिली तक्रार पूर्णपणे आमच्या पदरात. जुनं ‘कनेक्ट’ फंक्शन लॉगिन होईपर्यंत थांबायचं. नवं लगेच परततं आणि पुढचं काय झालं ते इव्हेंटमधून कळवतं. नाव तेच, पॅरामीटर तेच, त्यामुळे तुमचा कोड एकही वॉर्निंग न येता कंपाइल झाला आणि पुढच्याच ओळीतला मेसेज लॉगिन होण्याआधी निघाला. वागणं बदललं तर नावही बदलायला हवं होतं. कंपायलरने अडवलं असतं तर तुम्ही आम्हाला दोन शिव्या घातल्या असत्या, पण रिलीजच्या आधी. बदलांच्या यादीत हे लिहिलं होतं खरं, पण इतकं खाली की मीही तिथवर वाचलं नसतं. येत्या दुरुस्तीत ‘कनेक्ट’ पुन्हा पूर्वीसारखं थांबेल आणि नव्या पद्धतीच्या फंक्शनला वेगळं नाव असेल.

‘चालू असलेली गोष्ट का बिघडवली’ हे मात्र मला मान्य नाही. ती चालत नव्हती, चालतेय असं सांगत होती. जुन्या लायब्ररीत जोडणीची सगळी अवस्था ‘जोडलेलं आहे की नाही’ एवढंच सांगणाऱ्या एका फ्लॅगमध्ये कोंबलेली होती. प्रत्यक्षात आधी डीएनएसमधून सर्व्हरचा पत्ता काढायचा, मग टीसीपीची जोडणी, मग टीएलएसचं एन्क्रिप्शन, मग पासवर्डची पडताळणी, मग रिसोर्स बाइंड, म्हणजे या जोडणीला स्वतःचा पत्ता मिळणं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गाडी अडू शकते. त्याहून वाईट म्हणजे फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की जुनं सॉकेट, म्हणजे जोडणीचं फोनकडचं टोक, मुकाट्याने मरतं आणि सर्व्हरकडून निरोपही येत नाही. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का याची चाचपणी) मागितल्याशिवाय चालू होत नाही, आणि चालू केला तरी मूळ सेटिंगप्रमाणे पहिली चाचपणी २ तास शांततेत गेल्यावर. मेसेज लिहिलात तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि साधारण १५ मिनिटांनी हात टेकतो. तोवर आमचा फ्लॅग म्हणणार, जोडलेलं आहे! त्या वेळात पाठवलेले मेसेज कुठेच पोचत नसत. तक्रार येत नव्हती, कारण पाठवणाऱ्याला ते गेलेले दिसत.

म्हणून आता प्रत्येक टप्प्याची वेगळी अवस्था आहे आणि एक्सएमपीपीची एक्सईपी-०१९८ ही पुरवणी, म्हणजे स्ट्रीम मॅनेजमेंट, मुळातच चालू आहे. किती स्टॅन्झा (मेसेजसारखे एक्सएमपीपीचे तुकडे) मिळाल्या हे दोन्ही बाजू मोजतात आणि पोच न आलेल्या रांगेत ठेवतात. जोडणी तुटली तर नव्या टीसीपीवर जुनंच सेशन पुढे चालतं. सर्व्हर आपला आकडा सांगतो, आपण उरलेलं पाठवतो.

दोनदा पोचणारे मेसेज इथूनच आले. सर्व्हर जुनं सेशन विसरला असेल तर तो ते पुढे चालवायला नकार देतो. मग रांगेतला मेसेज हरवला की नुसती त्याची पोच हरवली, हे कळायला मार्ग उरत नाही. अशा वेळी मेसेज परत पाठवायचा, यावर मी ठाम आहे. हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला बरा. पण परत पाठवताना आम्ही त्याला नवा आयडी देत होतो, त्यामुळे समोरच्या ॲपला दोन्ही प्रती वेगळ्या वाटायच्या. हा सरळसरळ बग होता. आता मूळ आयडी कायम राहतो. आलेल्या मेसेजचा आयडी पाहून दुसरी प्रत गाळायचं काम मात्र तुमच्या ॲपला करावं लागेल, कारण जुने मेसेज तुमच्या डेटाबेसमध्ये असतात, लायब्ररीकडे नाही.

मिनिटभराच्या थांबण्यात तुमचं अर्धं बरोबर आहे. २०११ च्या आरएफसी ६१२० या एक्सएमपीपीच्या प्रमाण दस्तऐवजाची शिफारसच आहे की तुटल्यावर पहिला प्रयत्न ० ते ६० सेकंदांत कधीतरी, अंदाज न येणाऱ्या क्षणी करावा आणि पुढचे विराम वाढवत न्यावेत. सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे क्लायंट एकाच क्षणी दारावर धडकतात आणि तो उठता उठता पुन्हा आडवा होतो, म्हणून ही सोय. पण एकट्या फोनचं नेटवर्क बदललं तर कसली गर्दी? आम्ही दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजले. आता ऑपरेटिंग सिस्टिमने नवं नेटवर्क कळवताच पहिला प्रयत्न लगेच होईल. सर्व्हरनेच जोडणी बंद केली असेल तर थांबणं तसंच राहील. ते बदलायचा आग्रह धरलात तरी मी नाही म्हणेन. उद्या तुमचाच सर्व्हर पडला तर तुम्हालाच ते हवं असेल.

सपोर्टचं उत्तर लाजिरवाणं होतं. ज्या डॉक्युमेंटेशनकडे बोट दाखवलं, त्यात ‘कनेक्ट’चं जुनंच वर्णन होतं. या महिन्याचं बिल तुम्हाला येणार नाही.

तुमच्या तिकिटावर दुरुस्तीचा चाचणी बिल्ड टाकला आहे. तो चालवून स्ट्रीमचा, म्हणजे सर्व्हरशी झालेल्या देवाणघेवाणीचा, लॉग पाठवलात तर मेसेज गायब होण्यामागे आणखी काही आहे का, ते मी स्वतः बघेन. लॉगमधला लॉगिनचा भाग आधी काढून टाका. सासल या लॉगिनच्या चौकटीतली प्लेन पद्धत वापरत असाल तर पासवर्ड तिथे नुसता बेस-६४ मध्ये असतो, कुणालाही वाचता येईल असा.